बेस गिटार आणि ॲम्प : पुण्यातले वादक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी पुण्यात बेस वाजवतो, शिकवतो आणि इतरांचे बेस दुरुस्तही करतो. फोनवर आणि तालमीच्या खोलीत तेच तेच प्रश्न येतात. बहुतेकांना खरं तर विचारायचं असतं, ‘नवीन घेऊ का?’ माझं उत्तर बहुतेक वेळा असतं, ‘आधी हातात आहे ते नीट लावून बघा. मग नेमकं काय कमी पडतंय ते एका वाक्यात सांगता आलं तर खुशाल घ्या.’ खालची उत्तरं याच विचाराने लिहिली आहेत.

पहिला बेस चार तारांचा घ्यावा की पाच तारांचा?

तुम्ही काय वाजवणार आहात यावर हे ठरतं. रॉक, ब्लूज किंवा कॉलेजचा बँड असेल तर चार तारा पुरतात. मान अरुंद असते, तारांमध्ये अंतर असतं आणि नको ती तार हाताने दाबून गप्प करणं सोपं जातं.

सुगम संगीत, गझल किंवा ऑर्केस्ट्रा वाजवणार असाल तर मात्र थोडं थांबा. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची तार ‘ई’ची, म्हणजे हार्मोनियमवरची आपली पांढरी तीन. पुरुष गायक बऱ्याचदा काळी एक, पांढरी दोन किंवा काळी दोनमध्ये गातात. म्हणजे त्या ‘सा’चा बेसवरचा खर्जातला सूर तुमच्या सगळ्यात खालच्या सुराच्याही खाली जातो आणि तो वाजवायला तारच उरत नाही. मग वरच्या सप्तकातला सा वाजवावा लागतो आणि गाण्याचा पाया अधांतरी राहतो. पाच तारांच्या बेसवर खाली ‘बी’ची तार असते. तिच्या दुसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) काळी एक, तिसऱ्यावर पांढरी दोन आणि चौथ्यावर काळी दोन. गायकाने ऐनवेळी ‘आज अर्धा सूर खाली घेऊया’ म्हटलं तरी बोटांची जागा सरकवली की काम झालं. माझ्याकडे येणाऱ्या सुगम संगीतवाल्यांना मी सरळ पाच तारांचा बेस सुचवतो.

फक्त एक बघा. स्वस्त पाच तारांच्या बेसवर ती ‘बी’ बऱ्याचदा लुळी वाजते, सुराऐवजी नुसता भोंगा येतो. दुकानात सगळ्यात आधी तीच तार वाजवा, तीही खालच्या पाच फ्रेटवर. तिथे सूर स्पष्ट ऐकू आला तर बाकीच्या चार तारांची काळजी नको.

प्रिसिजन आणि जॅझ यांत नेमका फरक काय?

हे दोन्ही फेंडर या अमेरिकन कंपनीचे बेस. लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस १९५१ मध्ये बाजारात आणला. त्याआधी बेस म्हणजे उभा डबल बेस. त्याला फ्रेट नसतात, कानाने सूर शोधावा लागतो. फ्रेट लावल्यामुळे सूर अचूक लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप (तारेची थरथर पकडणारा चुंबकी भाग) आला. त्यातला एक तुकडा दोन तारांखाली, दुसरा उरलेल्या दोन तारांखाली. या रचनेत विजेची घूं घूं आपोआप रद्द होते. जॅझ बेस १९६० चा. त्याला दोन स्वतंत्र पिकअप असतात आणि मान नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडे तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात तिथे, निमुळती होते, साधारण ३८ मिलिमीटर. प्रिसिजनची तिथली रुंदी ४१ ते ४४ मिलिमीटरच्या आसपास भरते.

आवाजाचं सांगायचं तर प्रिसिजन गाण्याच्या मधोमध ठाम बसतो. मिक्सरवर फारसं काही करावं लागत नाही. जॅझमध्ये पुलाजवळचा (पूल म्हणजे तारांचं दुसरं टोक बसतं तो भाग) पिकअप वाढवला की नाकातला, रेखीव आवाज येतो आणि बोटांची प्रत्येक हालचाल ऐकू येते. दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असतील तर बहुतेक आधुनिक जॅझमध्ये गुणगुण रद्द होते. एकच उघडा ठेवला की ती परत येते. म्हणून ‘माझा बेस कधी गुणगुणतो, कधी नाही, बिघडलाय का?’ असं विचारणाऱ्याला मी आधी व्हॉल्यूमची बटणं कुठे आहेत ते विचारतो.

‘पी-जे’ नावाचे, दोन्ही प्रकारचे पिकअप असलेले बेसही मिळतात. पहिल्या बेससाठी मला ते आवडतात. वर्षभर वाजवलं की आपला हात कुठल्या आवाजाकडे ओढतोय ते त्यावरच कळतं.

माझा हात लहान आहे. लहान बेस घेऊ का?

नेहमीच्या बेसवर नटापासून पुलापर्यंत तारेची लांबी ३४ इंच असते, लहान बेसवर ३०. खालच्या फ्रेटमधलं अंतर जाणवण्याइतकं कमी होतं. शाळकरी मुलांना, खांदा किंवा मनगट दुखणाऱ्यांना जरूर घ्यावा. पण नुसत्या भीतीने नको. पट्टा थोडा वर बांधला आणि अंगठा मानेच्या मागे मधोमध ठेवला तर ३४ इंचावरही लहान हात पोहोचतो.

ॲक्टिव्ह चांगला की पॅसिव्ह?

ॲक्टिव्ह बेसमध्ये आत प्रीॲम्प (आवाज वाढवणारं छोटं सर्किट) असतो आणि तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. खर्ज आणि वरचे सूर बेसवरच वाढवता येतात. १९७६ मध्ये आलेल्या म्युझिक मॅन स्टिंगरेमुळे ही पद्धत रूढ झाली. पॅसिव्हमध्ये बॅटरी नाही, बटणं फक्त आवाज कमी करू शकतात, वाढवू शकत नाहीत. यात उच्च-नीच काही नाही.

कळीची गोष्ट वेगळीच आहे. ॲक्टिव्ह बेसमध्ये केबल घातलेली असली की बॅटरी चालू असते. फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की दरवर्षी कोणीतरी घाबऱ्याघुबऱ्या येतं : आवाज फाटतोय, बारीक झालाय, नवीन पिकअप टाका. बॅटरी संपलेली असते, कारण रात्रभर केबल तशीच राहिलेली असते. वाजवून झालं की केबल काढा आणि पेटीत एक नवी बॅटरी नेहमी ठेवा.

माझा बेस स्वस्तातला आहे, आवाज चांगला येत नाही. विकून वरचा घेऊ?

या प्रश्नावर मला सविस्तर बोलायचंय.

मागे कोथरूडची एक मुलगी तिचा पहिला बेस घेऊन आली. दोन वर्षं वापरलेला, साधा, चार तारांचा. म्हणाली, ‘सर, हा विकायचाय, बोटं दुखतात आणि वरच्या फ्रेटवर बेसूर वाजतो.’ मी पहिली फ्रेट आणि सगळ्यात शेवटची फ्रेट एकाच वेळी दाबून धरली. तार अशी दाबली की ती सरळ पट्टीसारखं काम करते. मधे सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत फट किती आहे ते बघायचं. साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट हवी. तिच्या बेसवर चार कार्डं एकावर एक ठेवून आरामात गेली. मान तारांच्या ओढीने पुढे वाकली होती.

आधी नव्या तारा घातल्या. मानेच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. ॲलन कीने (षटकोनी चावीने) ती पाव फेरा घड्याळाच्या दिशेने घट्ट केली, पुन्हा सूर लावला, थोडा वेळ थांबलो, मग आणखी पाव फेरा. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर कधीही जायचं नाही आणि जोर लावावा लागला तर तिथेच थांबायचं. फट आटोक्यात आल्यावर पुलावरचे स्क्रू फिरवून तारांची उंची बाराव्या फ्रेटपाशी अडीच मिलिमीटरच्या आत आणली. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर पडताळून पाहिले. दाबलेला सूर चढा येत असेल तर पुलावरची तारेची बैठक मागे सरकवायची, उतरलेला असेल तर पुढे. चौथ्या तारेची बैठक पार पुढे अडकली होती. तीच तार तिला बेसूर वाटत होती.

तासाभराचं काम. तिने बेस हातात घेतला, खालच्या तारेवर एक सरगम वाजवली आणि पुन्हा एकदा वाजवली. विकायचा विषय निघाला नाही.

म्हणून माझा क्रम असा : आधी नव्या तारा, मग सेटअप (मान, तारांची उंची आणि बैठक लावणं), मग पिकअपची उंची. शेवटची फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा. पिकअप फार वर आला की चुंबक तार ओढतो आणि सूर डळमळतो. एवढं करूनही काही खुपत असेल तर ते नेमकं काय, हे तुम्हाला आता ठाऊक असतं. मान जाड वाटते, वजन पाठीला झेपत नाही, पाचवी तार हवी, असं काही असेल तर बेस बदलायला हे पुरेसं कारण आहे. मान पिळवटलेली असेल, म्हणजे एक कड वर आणि एक खाली गेली असेल, तर त्या बेसवर पैसे घालू नका.

पिकअप, पूल, खुंट्या बदलल्या तर फरक पडतो का?

पिकअप बदलल्याने पडतो आणि तो ऐकू येतो. खुंट्या तेव्हाच बदला जेव्हा सूर टिकत नाही. बऱ्याचदा दोष खुंटीचा नसतो, नटच्या खाचेत तार अडकत असते. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून बघा. जड पूल लावल्याने आवाज आमूलाग्र बदलतो असं मला आजवर ऐकू आलेलं नाही. खरखर असेल तर बटणांत कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि जॅकचा नट घट्ट करा. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून क्लीनरचा एक डबा आणला की चार मित्रांचे बेस बरे होतात.

एक नियम पाळा. काढलेला मूळ भाग फेकू नका, पिशवीत घालून नाव लिहून ठेवा. बेस विकताना तो पुन्हा लावता येतो आणि बदललेला भाग वेगळा विकता येतो. बदलांवर केलेला खर्च किमतीत जवळजवळ कधीच परत मिळत नाही.

पावसाळ्यात माझ्या बेसच्या तारा आपोआप वर-खाली होतात. हे नॉर्मल आहे?

हो. लाकूड दमट हवेत ओलावा घेतं आणि फुगतं, कोरड्यात आक्रसतं. पुण्यात एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यातून जूनमध्ये एकदम ओल्या हवेत जातो, त्यामुळे मान हलते. उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आक्रसून फ्रेटची टोकं हाताला टोचायला लागतात, तेही याच कारणाने. वर्षातून दोनदा, पावसाळा लागल्यावर आणि हिवाळ्यात, सेटअप तपासला की पुरतं.

पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. वाजवून झाल्यावर जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने तारा वरून आणि खालून पुसा, घामानेच त्या लवकर मरतात. मे महिन्यात बेस गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. आणि कृपा करून शिसवी फ्रेटबोर्डवर खोबरेल तेल लावू नका. ते चिकटून राहतं, धूळ धरतं आणि खवट होतं. गिटारसाठी मिळणाऱ्या लेमन ऑइलचे दोन थेंब वर्षातून एकदा पुरतात. वार्निश केलेल्या मेपलच्या फ्रेटबोर्डला तेही नको.

दादा अमेरिकेतून येतोय. बेस आणि ॲम्प तिकडूनच मागवू का?

बेस मागवा, ॲम्प जपून. पुण्यातल्या घरोघरी कोणीतरी तिकडे असतं, त्यामुळे हा प्रश्न फार येतो आणि यात झालेलं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलंय.

तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फक्त १२० व्होल्टसाठी बनवलेला ॲम्प आपल्या भिंतीत नुसती पिन बदलून लावला तर त्याला जवळजवळ दुप्पट दाब मिळतो. नशीब चांगलं असेल तर फ्यूज जातो, नसेल तर ट्रान्सफॉर्मर जळतो. माझ्याकडे आलेल्या एका ॲम्पला वास अजून येत होता. मालकाने तो अर्धा मिनिटही चालवला नव्हता.

म्हणून मागवण्याआधी दादाला ॲम्पच्या पाठीमागच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगा. तिथे ‘१०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं छापलेलं असेल तर फक्त वायर बदला. व्होल्टेज निवडायचा स्विच असेल तर तो लावण्याआधी फिरवा. फक्त १२० लिहिलेलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तोही पट्टीवर लिहिलेल्या वॅटपेक्षा मोठ्या क्षमतेचा. हा ट्रान्सफॉर्मर स्वतःच जड असतो आणि प्रत्येक कार्यक्रमाला बरोबर न्यावा लागतो. ५० हर्ट्झ छापलेलं नसेल तर तो नादच सोडा. ॲम्पची वॉरंटीही बहुधा तिकडचीच असते.

बेसला विजेची भानगड नाही. विमानातून आणताना तारा एक-दोन सूर सैल कराव्यात, पूर्ण काढू नयेत. बेसच्या डोक्याखाली (खुंट्या असतात त्या टोकाखाली) मऊ कपडा कोंबावा, कारण पेटी पडली की डोकं आणि मान जिथे जुळतात तिथे तडा जातो. बिल बरोबर ठेवावं. कस्टमला दाखवायला ते लागतं आणि पुढे विकतानाही उपयोगी पडतं.

किती वॅटचा ॲम्प घेऊ?

खोलीत एकट्याने वाजवायला २५ ते ४० वॅट. ड्रमबरोबर तालीम करायची असेल तर २०० ते ३०० वॅटच्या खाली जाऊ नका. गिटारवाला ३० वॅटवर भागवतो म्हणून बेसचंही भागेल असं नसतं. खालचा सूर वाजवायला स्पीकरला खूप जास्त हवा हलवावी लागते आणि कानही खर्ज कमी ऐकतो.

वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, म्हणजे जाणवेल इतकाच. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी दहापट वॅट. म्हणून १०० वॅटच्या जागी १५० चा घेणं म्हणजे पैसे वाया. त्यापेक्षा स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वॅटमध्ये तो किती आवाज देतो ते, बघा. ९७ डेसिबलच्या जागी १०० डेसिबलचा स्पीकर मिळाला तर तेवढ्याच वॅटमध्ये दुप्पट वॅटचं काम होतं. दुसरा स्पीकर जोडल्यानेही असाच मोठा फरक पडतो.

१९६९ चा ॲम्पेग एसव्हीटी ३०० वॅटचा, व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा) आणि उचलायला दोन माणसं लागतील असा होता. आज तेवढ्याच वॅटचा ‘क्लास डी’ ॲम्प दोन-तीन किलोत येतो. निओडिमियम चुंबकाचे स्पीकरही हलके असतात. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्याने वजन हा पहिला निकष मानावा.

८ ओहम, ४ ओहम म्हणजे काय? चुकलं तर काय होईल?

ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप. अंक जितका लहान, तितका ॲम्पवर भार जास्त. ८ ओहमचे दोन स्पीकर ॲम्पच्या मागे नेहमीप्रमाणे जोडले की एकूण ४ ओहम होतात. ४ चे दोन जोडले की २. ॲम्पवर ‘किमान ४ ओहम’ लिहिलं असेल आणि तुम्ही २ चा भार दिलात तर तो तापतो, बंद पडतो किंवा कायमचा जातो. उलट ४ ओहमला ५०० वॅट देणारा ॲम्प एकाच ८ ओहमच्या स्पीकरवर त्याच्या निम्म्याच्या थोडं वर देतो. यात नुकसान काही नाही. म्हणून पहिला कॅबिनेट (स्पीकरची पेटी) घेताना ८ ओहमचा घ्या, पुढे त्याचा जोडीदार आणता येतो.

दोन गोष्टी पाठ करा. ॲम्प आणि स्पीकर यांमध्ये गिटारची केबल लावू नका. ती बारीक असते आणि तापते. जाड स्पीकर केबल किंवा स्पीकॉन पिनची केबल वापरा. आणि व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर जोडल्याशिवाय कधीही चालू करू नका.

गिटारच्या ॲम्पवर किंवा घरच्या म्युझिक सिस्टिमवर बेस वाजवला तर चालतो का?

हळू आवाजात चालतो. मोठा केला की स्पीकरचा कागद मर्यादेबाहेर हलतो आणि फाटतो.

फ्लॅटमध्ये सराव कसा करायचा? खालच्या मजल्यावरचे काका वर येतात.

काका बरोबर आहेत. ‘ई’ तारेचा सूर ४१ हर्ट्झचा असतो आणि त्याची लाट आठ मीटरहून लांब असते. ती भिंतीने अडत नाही, स्लॅबमधून खाली जाते. तुम्हाला खोलीत बारीक वाटणारा आवाज खालच्या बेडरूममध्ये धडधडतो. ॲम्प जमिनीवर न ठेवता जाड रबराच्या मॅटवर किंवा स्टुलावर ठेवा, कोपऱ्यातून बाहेर काढा, कारण कोपऱ्यात खर्ज फुगतो. रात्री हेडफोन लावा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. काकांशी आधीच बोलून संध्याकाळची एक वेळ ठरवा. माझ्या सोसायटीत गेली कित्येक वर्षं हे निभावलंय.

स्टेजवर माइकला ओठ लागला की झणका बसतो. काय करू?

वाजवणं थांबवा. याच उत्तरासाठी मी हे सगळं लिहायला बसलो असं म्हटलं तरी चालेल.

एका गणेशोत्सवातल्या कार्यक्रमात मी साथीला होतो. मंडपात वीज जनरेटरवरून आणि साउंडची वीज दुसऱ्या बोर्डावरून. मी कोरससाठी माइकजवळ गेलो, डावा हात तारांवर होता. ओठ जाळीला टेकले आणि जबड्यापासून मनगटापर्यंत कोणीतरी ओढल्यासारखं झालं. हाताची बोटं तारांवर आवळली गेली, सोडताच येईनात. शेजारच्या वादकाने बेसची केबल उपटली म्हणून सुटलो.

कारण समजून घ्या. बेसच्या तारा पुलातून आणि केबलमधून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. माइकची जाळी साउंडवाल्याच्या मिक्सरच्या अर्थिंगला. दोन्हींची वीज वेगवेगळ्या ठिकाणाहून आली किंवा एकाची अर्थिंग तुटलेली असली तर त्यांच्यात फरक पडतो आणि तो तुमच्या अंगातून जातो. जुन्या वाड्यांत आणि मंडपात तीन पिनांचं सॉकेट असलं तरी मागे अर्थिंगची वायर नसते, हे मी अनेकदा उघडून पाहिलंय.

उपाय असे. वादकांचे सगळे ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या. गाण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा, एक टोक तारेला, एक माइकच्या जाळीला. दोन-चार व्होल्टच्या वर दाखवलं तर त्या जोडणीवर वाजवू नका. टेस्टर जाळीला लावून पेटला तरी तेच. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) लावलेला बोर्ड मागा. आणि घूं घूं घालवायला ॲम्पची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. घूं घूं घालवायची असेल तर डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरकडे नेणारी छोटी पेटी) वापरा. त्यावरचा ‘ग्राउंड लिफ्ट’ स्विच फक्त सिग्नलचा मार्ग तोडतो, विजेची अर्थिंग शाबूत राहते.

जुना बेस बघायला जातोय. काय तपासू?

दिवसाउजेडी जा आणि स्वतःची केबल घेऊन जा. डोक्याकडून मान डोळ्यासमोर धरून बघा. हलकी पुढे वाकलेली चालते, पिळवटलेली नाही. ॲलन की घालून ट्रस रॉड किंचित फिरतो का ते मालकाच्या परवानगीने बघा. तो पूर्ण घट्ट असून मान तरीही वाकलेली असेल तर परत या. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. यात दहा मिनिटं जातात, जाऊ द्या. पहिल्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सूर लवकर विझतो का ते ऐका. फेंडर पद्धतीच्या बऱ्याच बेसवर थोडं तसं असतं, फार असेल तर पुढे त्रास होतो. पहिल्या चार फ्रेटवर तारांनी खड्डे पाडलेत का ते नखाने बघा.

ॲम्प असेल तर आधी आवाज बंद ठेवून वास घ्या, मग प्रत्येक बटण फिरवा. स्पीकरच्या कागदाला दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच आत ढकला. खरखर जाणवली तर कॉइल घासतेय.

फेंडरचा म्हणून कोणी विकत असेल तर डोक्यावरच्या नावावर जाऊ नका, ती चिकटपट्टी सहज मिळते. १९७६ नंतर अनुक्रमांक बहुधा डोक्यावर असतो. अमेरिकन बेसवर ‘ई’ १९८० च्या दशकाचं, ‘एन’ नव्वदच्या आणि ‘झेड’ २००० नंतरच्या दशकाचं अक्षर. या अक्षराच्या पुढे डावीकडे ‘एम’ असेल तर मेक्सिकोत बनलेला. पण अंकही कोरता येतो, म्हणून लाकूड, स्क्रू आणि मानेचा सांधा बघणारा माणूस बरोबर न्या. तुमच्या स्वतःच्या बेसचा अनुक्रमांक आणि ओरखडे यांचे फोटो आजच काढून ठेवा. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनींचा १९६१ मध्ये घेतलेला होफ्नर बेस १९७२ मध्ये चोरीला गेला आणि तो परत मिळाल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. खुणा माहीत असल्या की वाद्य ओळखता येतं.

वापरलेल्या बेसची किंमत कशी ठरवू?

तुम्ही किती दिले होते ते विसरा. तिकडे अमेरिकेत कितीला जातो तेही विसरा. आज तोच किंवा त्या तोडीचा नवा बेस पुण्यात कितीला मिळतो, तिथून सुरुवात करा. माझा ठोकताळा असा : सुरुवातीच्या श्रेणीतला, चांगल्या स्थितीतला बेस नव्याच्या निम्म्याला किंवा थोडं वर जातो. मधल्या श्रेणीतले, ज्यांचं मॉडेल वादक नावाने मागतात, ते दोन तृतीयांशापर्यंत टिकतात. मग खर्च वजा करा. समजा नवा ३० हजारांना आहे, तर १६-१७ हजारांपासून बोलणं सुरू. तारा मेलेल्या असतील तर त्यांचे पैसे काढा. फ्रेट घासायच्या असतील तर कारागिराला विचारून तो आकडा काढा. मूळ पेटी, बिल आणि मूळ भाग असतील तर थोडे चढवा. जाहिरातीतल्या किमतींवर विसंबू नका. त्या मागितलेल्या किमती असतात, मिळालेल्या नव्हेत.

ॲम्प बेसपेक्षा लवकर उतरतात.

काकांचा जुना बेस माळ्यावर सापडला. लाखोंचा असेल का?

बहुधा नाही. १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएसने विकत घेतली आणि त्याआधीचे बेस खरोखर मौल्यवान आहेत. पण त्या काळात आपल्याकडे आयातीवर कडक बंधनं होती आणि ऑर्केस्ट्रातले बहुतेक वादक देशात बनलेल्या बेसवरच वाजवत.

गेल्या वर्षी नारायण पेठेतून एक जण असाच बेस घेऊन आला. बुरशी लागलेली पेटी, तारा गंजून तपकिरी, पट्ट्याच्या जागी जाड सुतळी. डोक्यावरचं नाव पुसलेलं. पाठीवर काकांनी बॉलपेनने बारीक अक्षरात गायकांच्या पट्ट्या लिहिल्या होत्या : काळी एक, पांढरी दोन, काळी चार. लाकूड कोरडं आणि सरळ होतं, पिकअपची एक वायर निखळली होती. ती डाख देऊन जोडली, तारा घातल्या, बटणांत क्लीनर मारला. बाजारभाव विचारला तेव्हा मी खरा आकडा सांगितला, चार-पाच हजार, तोही घेणारा मिळाला तर. त्याने पाठीवरचा रंग चढवून घेऊ का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं, अक्षरं जातील. त्याने फक्त सुतळीच्या जागी नवा पट्टा घेतला.